नामदार गोखले आणि हिंदुस्थानचा जमाखर्च

आपल्या स्मरणिकेत दरसाल एका कीर्तिवंत पुरुषाचा चरित्रलेख देण्याचा प्रघात आहे. त्यास अनुसरून या खेपेस आम्ही कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र योजिले आहे. हे नाव कानी पडताच पुष्कळांस दोन गोष्टी आठवतात. एक लोकमान्यांशी झालेला त्यांचा वाद, आणि दुसरी महात्मा गांधींनी त्यांस दिलेले राजकीय गुरूचे स्थान. क्रमिक पुस्तकांनी तिसरीची भर घातली आहे, ती गणिताच्या उदाहरणाची व बक्षीस घेताना रडू लागलेल्या लहानग्या गोपाळाची. या तिन्ही गोष्टी वाचकांस ठाऊक आहेत, म्हणून त्या आम्ही बाजूस ठेवतो. गोखल्यांच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे ज्या कामात खर्ची पडली ते काम निराळेच होते, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांस आहे. ते काम म्हणजे परक्या सरकारचा जमाखर्च वाचणे, त्यातील रकमा ताडून पाहणे, आणि हा पैसा कोणाचा व तो कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न त्याच सरकारच्या सभागृहात उभे राहून विचारणे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. आरंभी कारकून, पुढे फौजदार. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत सारे कुटुंब चालले. एका घरच्या पंधरा रुपयांतून कोणता खर्च आधी व कोणता मागाहून, हा हिशेब ज्याने लहानपणी पाहिला, त्याने पुढे एका देशाच्या शंभर कोटींच्या अंदाजपत्रकाकडे त्याच नजरेने पाहिले तर नवल नव्हे. असो.

मॅट्रिक १८८१, कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि अखेर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली बी. ए., हा शिक्षणक्रम झपाट्याने पार पडला. १८८५ च्या आरंभी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. ज्या विषयास माणूस नसेल तो गोखल्यांकडे जाई. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले व ज्या घरांत पणजोबा-आजोबा इंग्रजी शाळेत गेले होते त्या घरांत ते एके काळी हमखास आढळे.

न्यायमूर्ती रानडे यांच्याशी त्यांची गाठ १८८७ च्या सुमारास पडली, आणि खरे शिक्षण तेथून पुढे सुरू झाले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन व पुढे सभेचे चिटणिसपद त्यांच्याकडे आले. रानड्यांची शिकविण्याची रीत कडक होती. सरकारी अहवालांचे गठ्ठे पुढे टाकावेत, त्यांतून आकडे काढावयास लावावे, अर्ज लिहून घ्यावा, तो पुन्हा लिहून घ्यावा, आणि एखादे विधान आधारावाचून दिसले की ते खोडून टाकावे. असे श्रम करून पाठविलेल्या अर्जास सरकारकडून बहुधा पोच तेवढी येई. तरुण गोखल्यांनी याविषयी खंत व्यक्त केली तेव्हा रानड्यांनी त्यांस समजाविले की, हे अर्ज नावाला सरकारकडे जातात. ते खरे लिहिलेले असतात आपल्या लोकांसाठी, त्यांनी अशा रीतीने विचार करावयास शिकावे म्हणून. गोखल्यांनी हा धडा जन्मभर विसरला नाही.

या शिक्षणात दुसऱ्या एका गृहस्थाचा वाटा मोठा होता, आणि त्यांचे नाव येथे आवर्जून घेतले पाहिजे. रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरकडील एक हेडमास्तर. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते वेगळे. दोघांच्या नावांत घोटाळा पुष्कळ होतो. हे जोशी सरकारी शाळेतील नोकर, त्यामुळे सभेत उभे राहून बोलण्याची त्यांस सोय नव्हती. पण शेतसारा, मीठ, अबकारी, रेल्वे, लष्कर, हुंडणावळ यांचे आकडे जसे त्यांच्या टिपणांत होते तसे सबंध इलाख्यात दुसऱ्या कोणाकडे नसावेत. गोखल्यांच्या मोठ्या भाषणांमागे या माणसाची मेहनत होती व गोखले ती उघडपणे मान्य करीत. पडद्याआड राहून दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणारी अशी माणसे इतिहासात ओळीभर जागेचीही धनी होत नाहीत.

आता १८९७ सालाकडे वळू. दादाभाई नौरोजी व त्यांचे मित्र यांच्या खटपटीने हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायत सरकारने १८९५ साली एक रॉयल कमिशन नेमले. त्याचे अध्यक्ष लॉर्ड वेल्बी, म्हणून त्यास वेल्बी कमिशन म्हणतात. दादाभाई स्वतः, सर विल्यम वेडरबर्न व केन हे हिंदी पक्षाचे तीन सभासद त्यावर होते. हिंदुस्थानातून साक्षीसाठी चौघे गेले : मुंबईहून दिनशा वाच्छा, कलकत्त्याहून सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासहून जी. सुब्रह्मण्य अय्यर, आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोखले. चौघांत गोखले वयाने सर्वांत लहान; त्यांस तिसावे वर्ष पुरे होऊन एकतिसावे चालू होते.

जाताना कॅले बंदरात ते पडले आणि छातीस मार लागला. सोबतच्यांस त्रास नको म्हणून त्यांनी ते दिवसेंदिवस कोणास सांगितले नाही. लंडनास पोहोचल्यावर दुखणे वाढले तेव्हा कोठे डॉक्टरास बोलावणे झाले व काही आठवडे अंथरुणात काढावे लागले. १२ व १३ एप्रिल रोजी त्यांची साक्ष झाली.

साक्षीचा विषय काय होता, हे नीट समजल्यावाचून तिची थोरवी कळणार नाही. म्हणून वाचकांची क्षमा मागून आम्ही थोडे हिशेबात शिरतो. हिंदुस्थान सरकारचे उत्पन्न रुपयांत जमा होई. शेतसारा, मिठावरील कर, अफू, अबकारी, स्टांप, जकात आणि १८८६ पासून प्राप्तीवरील कर, हे सारे रुपयांत. परंतु दरसाल एक मोठी रक्कम विलायतेत पौंडांत भरावी लागे. हिला तिकडे होम चार्जेस म्हणत. तीत कर्जाचे व रेल्वेचे व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करासाठी तेथे होणारा खर्च, सरकारी सामानाची खरेदी आणि लंडनच्या इंडिया ऑफिसचा इमारतीसह सर्व बोजा असे. १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनास गेला तेव्हा इंडिया ऑफिसात त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीचा व नाचाचा खर्चही हिंदुस्थानच्या नावे पडला होता! १८७३ च्या सुमारास एक पौंड दहा रुपयांस मिळे. पुढे चांदी उतरत गेली आणि १८९४-९५ मध्ये रुपयाची किंमत तेरा पेन्सांवर आली. म्हणजे त्याच एका पौंडास साडेअठरा रुपये मोजावे लागू लागले. देणे पौंडांत तेवढेच, पण रयतेकडून रुपये जवळजवळ दुप्पट काढावयाचे. त्यासाठी १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला.

ही झाली हुंडणावळीची कथा. दुसरी लष्कराची. १८५७ च्या बंडानंतर दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा शिपाई, असे साधारण प्रमाण ठरविले गेले, आणि गोऱ्या शिपायाचा खर्च हिंदी शिपायाच्या कित्येक पट. त्या गोऱ्या शिपायाची विलायतेत भरती करून त्यास कवाईत शिकविण्याचा खर्चसुद्धा डोईमागे ठरावीक रक्कम लावून हिंदुस्थानकडून वसूल होई. विलायतेने आपल्या सोयीसाठी लष्करातील नोकरीची मुदत कमी केली, तेव्हा नव्या शिपायांची ने-आण वाढली व तिचा भुर्दंड पुन्हा येथल्या तिजोरीवर बसला. १८८५ साली अफगाण सरहद्दीवर पंजदे येथे रशियाशी कुरबूर झाली. युद्ध झाले नाही, पण ती निमित्त करून हिंदुस्थानातील फौज तीस हजारांनी वाढविण्यात आली, आणि निमित्त गेल्यावरही फौज राहिली. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या मोठ्या खर्चापैकी विलायतेने पन्नास लाख पौंड तेवढे दिले. १८६७-६८ ची ॲबिसिनियाची स्वारी, १८८२ ची ईजिप्तची, पुढे सुआकिनची, या मोहिमांत हिंदी फौज गेली; या देशाचा त्या लढायांशी संबंध तो कोणता? पण फौजेचा नेहमीचा पगार येथूनच जाई.

गोखल्यांनी आपल्या लेखी साक्षीत या साऱ्यांची मांडणी केली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, हिंदी करदात्याचे हित चार गोष्टींच्या मागे टाकले जाते : पूर्वेकडील ब्रिटिश वर्चस्व, साम्राज्याचा विस्तार, परदेशी व्यापारी व भांडवलदार यांचे लाभ, आणि गोऱ्या नोकरवर्गाची सोय. पैसा देणाऱ्यास तो कसा खर्च होतो याविषयी बोलण्याचा हक्क नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा करता येऊ लागली खरी, पण मत देता येत नाही. आणि पार्लमेंटात हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा दिवस अधिवेशनाच्या अगदी शेवटी, रिकाम्या बाकांपुढे येतो. यावर त्यांनी उपायही सुचविले, त्यांत अंदाजपत्रकाच्या एकेका बाबीवर मत देण्याचा अधिकार कायदेमंडळास असावा, हा एक होता. मग दोन दिवस उलटतपासणी झाली. मुरब्बी अधिकाऱ्यांनी चोहोंकडून प्रश्न घातले. पण गोखल्यांचा एकही महत्त्वाचा आकडा खोटा ठरला नाही. वेडरबर्न व केन यांनी साक्षीची मनापासून वाखाणणी केली.

यशाचा हा क्षण हातात टिकला मात्र फार थोडा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा कहर होता व घरतपासणीस गोरे सोजीर लावले होते. पुण्याहून मित्रांची पत्रे लंडनास गेली. त्यांत सोजीरांच्या हातून स्त्रियांची विटंबना झाल्याचे लिहिले होते. २२ जून रोजी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. विलायतेत संताप उसळला असता गोखल्यांनी पत्रांतील मजकूर मँचेस्टर गार्डियन पत्रास सांगितला. स्वदेशी परतल्यावर पुरावा मागण्यात आला. लिहिणारांपैकी कोणी पुढे होईना. आणि नावे सांगणे म्हणजे मित्रांस संकटात लोटणे. गोखल्यांनी एकाचेही नाव घेतले नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या एकट्याच्या माथी दोष घेऊन बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. अँग्लो-इंडियन पत्रांनी त्यांस खोटे ठरविले, आपल्या लोकांनी भ्याड ठरविले. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांचे नाव निघताच नापसंतीचे आवाज उठले.

या प्रसंगाविषयी आजही दोन मते आहेत. पुण्यात जुलूम झाला हे पुढील इतिहासकारांनी पुष्कळ पुराव्यानिशी लिहिले आहे, तेव्हा माफी मागावयास नको होती असे काही म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. ज्याचा सारा धंदा आधार दाखवून बोलण्याचा, त्याने आधार देता येत नसता आपले शब्द परत घेतले यात सुसंगतीच होती. आणि नावे न सांगता ती मानहानी पत्करणे हे भित्र्या माणसाचे काम नव्हे. माफीनंतर ते घरात बसले नाहीत. प्लेगच्या निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून ते पुण्याच्या गल्लीबोळांतून हिंडले.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले. जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचे बिल १९०१ साली आले तेव्हा फिरोजशहा मेहतांसमवेत त्यांनी सभात्याग केला, ही त्या काळी मोठी धक्का देणारी गोष्ट होती. जानेवारी १९०१ मध्ये रानडे निवर्तले. पुढल्या वर्षी गोखले कॉलेजातून निवृत्त झाले, आणि मेहतांनी सोडलेली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळातील जागा त्यांस मिळाली.

२६ मार्च १९०२. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत. फडणीस सर एडवर्ड लॉ यांनी चालू वर्षाची शिल्लक सुमारे सात कोटी रुपये दाखविली होती आणि एकामागून एक सभासद त्यांचे अभिनंदन करीत होते. गोखले उठले व त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले की, या अभिनंदनात आपणास सामील होता येत नाही.

आपल्या संघाच्या जमाखर्चात वर्षअखेर शिल्लक दिसली म्हणजे खजिनदारांचे आपण अभिनंदन करतो आणि ते रास्तही आहे. वर्गणी स्वखुशीची असते. सरकारचे तसे नाही. कर सक्तीचा असतो. सरकारजवळ गरजेपेक्षा अधिक पैसा उरला, याचा अर्थ रयतेच्या खिशातून गरजेपेक्षा अधिक काढला गेला. आणि ही शिल्लक पडली ती कोणत्या वर्षांत? १८९६-९७ चा दुष्काळ, त्यामागून १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ, आणि त्यांच्या जोडीला प्लेग! लोक मरत असता तिजोरी भरते, हे कोडे गोखल्यांनी सभागृहापुढे उलगडून ठेवले.

उलगडा साधा होता, पण तो करण्यास पाच-दहा वर्षांचे ताळेबंद पाठ असावे लागतात. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. रुपयांची टंचाई होऊन त्यांची किंमत चढली व तेरा पेन्सांचा रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला. म्हणजे पौंडास साडेअठराऐवजी पंधरा रुपये. दर पौंडामागे साडेतीन रुपयांची ही बचत होम चार्जेसच्या एक कोटी साठ लाख पौंडांवर लावून पाहिली, तर वर्षास साडेपाच कोटींच्या आसपास रक्कम होते. पण रुपया उतरला म्हणून जे कर वाढविले होते ते, रुपया चढल्यावरही, तसेच चालू राहिले होते. मिठाचा अडीच रुपयांचा दर तसाच, प्राप्तीवरील कर तसाच, गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के तसेच. शेतकऱ्यावर तर दुहेरी घाला : धान्याचे रुपये कमी हाती यावयाचे आणि साऱ्याचे रुपये पूर्वीइतकेच भरावयाचे. सरकारची शिल्लक भरभराटीची खूण नसून हुंडणावळीची व अवाजवी करांची करामत आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. त्याच ओघात लष्कराचाही हिशेब आला. दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धासाठी व १९०० साली चीनच्या मोहिमेसाठी येथून हजारो शिपाई बाहेर पाठविले, तरी सरहद्दीवर काही आकाश कोसळले नाही. तर मग तेवढी फौज हिंदुस्थानच्या संरक्षणास नेहमी लागते, हे म्हणणे टिकते कसे?

दुष्काळ-विम्याची गोष्टही त्यांनी वारंवार काढली. १८७८ साली वर्षास दीड कोटी रुपये दुष्काळनिवारणासाठी राखण्याचे सरकारने ठरविले व त्यासाठी कर बसविले. पण पैसा एकदा सामान्य तिजोरीत गेला की त्याला नाव उरत नाही, आणि अफगाण युद्ध दाराशी उभे असता तो कोठे गेला हे विचारण्याची सोय कोणास नव्हती.

या भाषणाने गोखल्यांचे नाव सर्व हिंदुस्थानात झाले. १८९७ च्या ऑगस्टमधील मानहानीस पाच वर्षेही झाली नव्हती. सोलापूरच्या जोशांनी या भाषणासाठी किती रात्री जाळल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक.

पुढील दहा-अकरा वर्षे मार्च महिना आला की कलकत्त्याचे सचिवालय गोखल्यांच्या भाषणाची वाट पाही. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तीवरील करातून सूट मिळण्याची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. १९०५ साली मीठ दीड रुपया, १९०७ साली एक रुपया. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; शिल्लक मोठी होती आणि सरकारलाही काही सवलत देणे भागच होते. पण कोणती सवलत आधी द्यावी, ती गरिबाच्या मिठात द्यावी, हा आग्रह सातत्याने कोणी धरला याचा शोध घेतला तर सभागृहाच्या कामकाजात गोखल्यांचेच नाव पानोपानी सापडते.

लष्करी खर्चाच्या बाबतीत यश कमी आले, आणि ते मान्य केले पाहिजे. १९०२ च्या अखेरीस लॉर्ड किचनेर सेनापती म्हणून आले व त्यांनी फौजेच्या पुनर्रचनेची मोठी योजना हाती घेतली. या किचनेरांशी झालेल्या भांडणातच १९०५ साली लॉर्ड कर्झन यांस राजीनामा द्यावा लागला. व्हाइसरॉयाचे जेथे चालले नाही तेथे एका बिनसरकारी सभासदाचे काय चालणार? तरी गोखले मागे हटले नाहीत. १८८४-८५ मध्ये अठरा कोटींच्या आत असलेला लष्करी खर्च १९०६-०७ च्या अंदाजात बत्तीस कोटींच्या वर गेला, देशाचा सारा शेतसारासुद्धा त्यास पुरेना, हे त्यांनी १९०६ साली दाखवून दिले. रशियाचा जपानने पराभव केला आहे, जपानशी इंग्लंडचा तह आहे, मग ही तयारी कोणाविरुद्ध, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९०७ साली इंग्लंड व रशिया यांच्यात समेट झाला आणि किचनेरांच्या योजनेचा वेगही मंदावला. १९१२ साली तर लष्कर व त्याचा खर्च यांच्या चौकशीसाठी निकोल्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. गोखले लष्कराचे विरोधी होते असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. खर्च कमी करण्याचा त्यांचा मार्ग असा की, लोकांवर विश्वास टाकावा, हिंदी तरुणांस अधिकाराच्या जागा द्याव्या, स्वयंसेवक दलांत घ्यावे. म्हणजे महागड्या परकी फौजेची गरज आपोआप घटेल. सबंध राष्ट्रास निःशस्त्र करून मग त्याच्या रक्षणाचे बिल त्यालाच पाठवावे, यातील अन्याय त्यांस पैशाच्या अन्यायाहूनही मोठा वाटे.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला व त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. समाजाच्या सभासदांस जी सात व्रते घ्यावी लागत त्यांत जातपात व धर्म यांचा भेद न पाहता सर्व हिंदवासीयांस बंधू मानण्याचे एक व्रत होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत गोखल्यांस आपले म्हणताना म्हणूनच आम्हांस किंचित संकोच होतो. ते आपल्या घरांतून आले एवढे खरे. आपल्यापुरते ते कधी राहिले नाहीत.

लष्करातून व शिलकेतून वाचलेला पैसा त्यांस कोठे हवा होता, हे त्यांच्या शेवटच्या मोठ्या लढ्यावरून दिसते. सरकार उरलेला पैसा रेल्वे बांधण्यात व कर्जफेडीत घाली. गोखले म्हणत, तो शाळांत व गावांच्या आरोग्यात घाला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. खर्चाच्या सबबीवर व इतर अनेक सबबींवर ते पुढील वर्षी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. बिल पडणार हे त्यांस आधीच ठाऊक होते व तसे त्यांनी बोलूनही दाखविले होते. नाताळातील हिंदी मजुरांचा प्रश्न, १९१२ ची दक्षिण आफ्रिकेची सफर, पब्लिक सर्व्हिसेस कमिशनाचे काम, यांची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे. मधुमेहाने व श्रमांनी शरीर पोखरले होते. १९१४ साली सर ही पदवी देऊ केली असता त्यांनी ती नम्रपणे नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, वय अठ्ठेचाळीस. सिंहगडावरून लोकमान्य टिळक अंत्ययात्रेस आले व स्मशानात आपल्या प्रतिपक्ष्याविषयी गौरवाचे शब्द बोलले.

महायुद्ध तेव्हा चालूच होते. १९१६ साली मिठाचा कर पुन्हा सव्वा रुपया झाला, आणि १९१७ साली युद्धखर्चास हिंदुस्थानने दहा कोटी पौंडांची देणगी दिली असे जाहीर झाले. १९१९ च्या सुधारणांनी कायदेमंडळास अंदाजपत्रकातील काही बाबींवर मताचा अधिकार मिळाला. वेल्बी कमिशनापुढे गोखल्यांनी मागितलेली ती गोष्ट बावीस वर्षांनी अर्धीमुर्धी हाती आली. लष्करी खर्च मात्र मताच्या कक्षेबाहेर ठेवला होता. युद्धानंतर त्याच खर्चाच्या भाराने तूट पडली आणि १९२३ साली सरकारने मीठकर दुप्पट करण्याचे बिल आणले. कायदेमंडळाने ते नाकारले. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो मंजूर केला व मिठाचा दर मणास अडीच रुपये झाला. बरोबर १८८८ चाच. पुढल्या वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला.